परदेशातला विद्यार्थी कामगारही असतो!

परदेशी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाचा किंवा मुलीचा बुद्धविहारात सत्कार होतो. शाल, बाबासाहेबांचा ग्रंथ, चौकात बॅनर, दोन-चार भाषणे. समाजाला आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. पनवेल, कामोठे, खारघर भागात असे सत्कार आता वर्षाआड नव्हे, वर्षात दोन-तीनदा होतात. पण सत्काराची शाल घडी करून ठेवल्यावर ते लेकरू लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या थंडीत महिना कसा काढते, खोलीचे भाडे कशातून भरते, हे सत्काराच्या व्यासपीठावर कोणी विचारत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर एकच असते. ती मुले काम करतात.

मागच्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे आले. आयुष्यभर सरकारी चाकरीत खालच्या पदावर राबून निवृत्त झालेले. मुलगी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेलेली. "जयभीम वकील साहेब," म्हणाले, "पोरीला तिकडं युनिव्हर्सिटीच्या हापिसातच काम मिळतंय. परदेशातून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचा विभाग आहे म्हणे. पण स्कॉलरशिप बंद तर करणार नाहीत ना? करारावर जामीनदार म्हणून माझ्या मेहुण्याची सही आहे." थोडे थांबून दुसरा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला, "आणि साहेब, एवढं शिकायला पाठवली ती काय तिथं फायली उचलायला?"

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिला कायद्याचा आहे, दुसरा आपल्या मनाचा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

त्या मुलीला मिळालेले काम होते 'स्टुडंट असिस्टंट'चे. विद्यापीठाचा एक विभाग आपल्या विद्यार्थ्यांना एक-दोन सत्रांसाठी दुसऱ्या देशात शिकायला पाठवतो आणि दुसऱ्या देशांतून आलेल्यांना सामावून घेतो. त्या विभागात खिडकीवर बसायचे, ईमेलना उत्तरे द्यायची, नव्याने आलेल्यांना बँकेचे खाते, दवाखान्याची नोंदणी, घरभाड्याचा करार समजावून सांगायचा, माहितीसत्राच्या दिवशी यादी घेऊन दारात उभे राहायचे. तासावर पैसे. आता सांगा, यात फायली उचलण्याचा कमीपणा कुठे आला? उलट हे काम करणाऱ्या मुलीला विद्यापीठाचा कारभार आतून कळतो. कोणत्या प्राध्यापकाकडे कोणता प्रकल्प आहे, कोणती फेलोशिप कधी निघते, शिफारसपत्र कोण मनापासून लिहितो, हे खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला आधी समजते. ज्यांचे काका-मामा न्यू जर्सीत स्थिरावले आहेत त्यांना ही माहिती जेवणाच्या टेबलावर मिळते. आपल्या मुलांना तिकडे ना काका ना मामा. त्यांच्यासाठी ही खिडकीच काका आणि मामा!

कामाची लाज आपल्या लोकांना वाटते त्यालाही इतिहास आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वतनाच्या नावाखाली वेठ केली, सरकारी टपाल गावोगाव पायी पोहोचवले आणि मोबदल्यात बलुत्याची भाकरी घेतली, त्यांच्या घरात 'शिकलेल्याने हाताने काम करायचे नाही' ही जिद्द तयार झाली. ती जिद्द समजून घेतली पाहिजे. पण वेठ आणि काम यांतला फरक आपणच सांगायचा नाही तर कोणी सांगायचा? लेखी करार आहे, तासाचा दर ठरलेला आहे, पगाराची पावती हातात येते, नको वाटले तर सोडता येते, ते काम. यातले काहीच नसेल तर ती वेठ, मग ती पनवेलच्या विटभट्टीवर असो की लंडनच्या एखाद्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात.

यावर काही जाणकार विचारतात, बाबासाहेबांनी कुठे अशा नोकऱ्या केल्या? ते तर अठरा-अठरा तास वाचत होते! खरे आहे. पण त्यामागचा हिशेब काय होता? ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी करार झाला. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, मुदत तीन वर्षांची. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची अट. त्या साडेअकरा पौंडांतूनही बाबासाहेब काटकसर करून घरी रमाईंना पैसे पाठवीत. ती शिष्यवृत्ती श्रीमंती नव्हती, पण तिने त्यांना वेळ दिला. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात घालवायला लागणारा वेळ. आणि ती मुदत संपली तेव्हा १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले, हेही विसरता येत नाही. पुढे सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी करून पै पै साठवली, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे बाबासाहेबांनीही कमावूनच शिक्षण पुरे केले. फरक इतकाच की कमाई आधी केली आणि वाचन नंतर.

म्हणून १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा, परदेशी शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा अशी मागणी केली. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २००३ साली राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आणली. केंद्राच्या योजनेत आज वर्षाला १२५ जागा आहेत, राज्याच्या योजनेत ७५. एवढ्या मोठ्या समाजासाठी हा आकडा किती तोकडा आहे हे सांगायला वकिलाची गरज नाही. त्यातही जुलै २०२५ मध्ये केंद्राने निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे दिली आणि उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ असे सांगितले. देशभर ओरड झाली. घरदार सांभाळून परदेशी विद्यापीठाचा प्रवेश मिळवलेल्या मुलाला 'निधी असेल तर' असे सांगणे म्हणजे रेल्वेचे तिकीट देऊन 'गाडी आली तर बसा' म्हणण्यासारखे आहे.

आता त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न. केंद्राच्या योजनेत निर्वाहभत्ता असा आहे: अमेरिका व इतर देशांसाठी वर्षाला १५,४०० डॉलर, इंग्लंडसाठी ९,९०० पौंड. शिवाय पुस्तके वगैरे किरकोळ खर्चासाठी वर्षाला दीड हजार डॉलर किंवा अकराशे पौंड. शिक्षणशुल्क सरकार भरते. ९,९०० पौंडांना बाराने भागा. महिन्याला ८२५ पौंड होतात. आणि इंग्लंडचे सरकार २०२५ मध्ये व्हिसा देताना काय म्हणत होते? जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी हिशेब ठरवला की लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे राहण्या-खाण्यासाठी महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड असले पाहिजेत. म्हणजे ज्या देशात मुलगा राहणार त्या देशाच्या सरकारने तेव्हा सांगितले की १,१३६ च्या खाली निभाव लागत नाही आणि आपले सरकार देते ८२५. लंडनमध्ये तर हा खड्डा महिना साडेसहाशे पौंडांच्या वर जातो.

खड्डा बुजवायला मुलाने काम केले तर? त्यासाठी योजनेच्या नियमावलीत एक कलम आहे. संशोधन सहाय्यक किंवा अध्यापन सहाय्यक म्हणून विद्यार्थी वर्षाला २,४०० डॉलरपर्यंत, इंग्लंडमध्ये १,५६० पौंडांपर्यंत कमावू शकतो. त्यापेक्षा जास्त कमाई झाली तर तितका निर्वाहभत्ता भारतीय वकिलात कापू शकते. म्हणजे शिष्यवृत्ती बंद होत नाही, हे त्या गृहस्थांना मी सांगितले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पण कलमाचा हिशेब करून पाहिला तेव्हा माझा जीव मात्र भांड्यात पडेना.

एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झाले. १,५६० पौंडांना त्याने भागले की साधारण १२८ तास येतात. वर्षाचे तीस आठवडे कॉलेज धरले तर आठवड्याला सव्वाचार तास. इंग्लंडचा व्हिसा पदवी व त्यावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास कामाची मुभा देतो. म्हणजे परका देश म्हणतो वीस तास कर आणि आपले मंत्रालय म्हणते सव्वाचार तासांच्या पुढे गेलास तर कापून घेऊ. आठवड्याला अवघे दहा तास काम केले तर त्या दराने वर्षाला ३,६६३ पौंड होतात. त्यातले २,१०३ पौंड भत्त्यातून वजा. न्यूयॉर्क शहरात २०२५ साली किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होते. तिथे २,४०० डॉलरची मर्यादा त्या दराने १४५ तासांत संपते, आठवड्याला पाच तासही होत नाहीत. म्हणजे आठवड्याला दहा तास राबणाऱ्या आपल्या मुलाच्या घामाचा निम्म्याहून अधिक भाग शेवटी सरकारच्या बचतीत जमा होणार!

बरे, कलमात शब्द आहेत संशोधन आणि अध्यापन सहाय्यकाचे. ग्रंथालयात पुस्तके लावणारा, परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागात खिडकीवर बसणारा, वसतिगृहाच्या स्वागतकक्षात रात्रपाळी करणारा या शब्दांत बसतो की नाही? कडक अर्थ लावला तर त्याला परवानगीच नाही असे म्हणता येईल. सैल अर्थ लावला तर ती कमाई मोजायचीच नाही असेही म्हणता येईल. कायदा असा अस्पष्ट असला की त्याचा अर्थ टेबलापलीकडचा अधिकारी लावतो आणि अलीकडचा विद्यार्थी घाबरून गप्प बसतो. घाबरलेला विद्यार्थी मग काय करतो? विद्यापीठातले नोंदीचे काम नाकारतो आणि नोंद नसलेले काम शोधतो.

सरकारची बाजूही मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत पीएच.डी. करणाऱ्याला अनेकदा विद्यापीठच पूर्ण शुल्कमाफी आणि वर्षभराचे मानधन देते. अशाला सरकारनेही पूर्ण भत्ता दिला तर त्याच पैशातून दुसरा एखादा मुलगा गेला असता, हा मुद्दा बरोबर आहे. तिथे कपात करा, कोणी तक्रार करणार नाही. पण पूर्ण मानधनाची जागा आणि तासावर मिळणारे खिडकीचे काम यांना एकाच कात्रीने कापणे हा न्याय नव्हे. भत्ता अपुरा ठेवायचा आणि वरून कमाईवरही कात्री लावायची, दोन्ही एकदम कसे चालेल? एक तर ८२५ चा आकडा वाढवा, नाही तर कात्री काढा.

कात्रीच्या भीतीने किंवा भत्ता लांबल्याने मुले कुठे जातात तेही पालकांनी माहीत करून घ्यावे. इंग्लंडमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करायला मनाई आहे. मोबाईलवरच्या ॲपवरून जेवणाचे डबे पोचवणारा तिकडच्या कायद्याने बहुधा कंपनीचा नोकर धरला जात नाही, स्वतंत्र व्यावसायिक धरला जातो. म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घेऊन सायकलवर डबे पोचवणारा आपला मुलगा व्हिसाचा भंग करतो. पकडला गेला तर शिक्षणही गेले आणि व्हिसाही. वीस तासांची मोजणीही दर आठवड्याला होते, एका आठवड्यात तीस आणि पुढच्यात दहा असे चालत नाही. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो, तो काळ सुटीचा मानला जात नाही, तिथेही वीसच. अमेरिकेत तर एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्रात विद्यापीठाच्या आवारातच वीस तासांपर्यंत काम करता येते. परवानगीशिवाय पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात उभे राहणे म्हणजे व्हिसा धोक्यात घालणे. २०२५ मध्ये तिकडे विद्यार्थी व्हिसांची तपासणी कडक झाल्यावर अनेक भारतीय मुलांनी आवाराबाहेरची कामे सोडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. इथले सल्लागार मात्र प्रवेशाचे पैसे घेताना छातीठोक सांगतात, 'पार्ट टाइम करून सगळा खर्च निघेल.' हे वाक्य त्यांच्याकडून कागदावर लिहून मागा. कोणी लिहून देणार नाही.

म्हणूनच आवारातले 'स्टुडंट असिस्टंट'चे काम सर्वांत सुरक्षित. आणि त्या कामाला हक्कही आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. गंमत पाहा, तो हक्क ज्या खटल्यातून पक्का झाला तो खटला बाबासाहेबांच्याच विद्यापीठाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २००४ साली ब्राऊन विद्यापीठाच्या प्रकरणात निकाल दिला होता की सहाय्यकाचे काम करणारे पदव्युत्तर विद्यार्थी हे मुळात विद्यार्थीच, कामगार नव्हेत, त्यांना संघटनेचा हक्क नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात मंडळाने तो निकाल फिरवला. खाजगी विद्यापीठात पगारावर काम करणारा विद्यार्थी सहाय्यक हा कायद्याच्या व्याख्येत कामगार आहे, एकाच वेळी विद्यार्थी आणि कामगार असायला हरकत नाही, असे ठरले. बाबासाहेबांनी कोलंबिया सोडली १९१६ साली. बरोबर शंभर वर्षांनी तिथे हा निकाल लागू झाला. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या विद्यार्थी कामगारांनी सुमारे दहा आठवडे संप केला आणि जानेवारी २०२२ मध्ये करार मिळवला.

आपल्या वाचकांना इथे ७ नोव्हेंबर १९३८ ची आठवण होईल. मुंबई सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणून संपावर बंधने घातली तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष रस्त्यावर उतरला होता. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडेच होते. त्यांच्या नावाच्या समाजातून गेलेला विद्यार्थी तिकडे पगाराची पावती मागायला लाजतो, संघटनेचा फॉर्म भरायला घाबरतो, हे शोभत नाही.

जातीचा प्रश्न तर तिकडेही पाठ सोडत नाही. सहाय्यकांमध्ये भारतीय मुले पुष्कळ असतात आणि आडनाव विचारण्याची सवय विमानातून उतरत नाही. ब्रँडाईस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये केला. हार्वर्डमध्ये तर पदव्युत्तर विद्यार्थी कामगारांच्या संघटनेने २०२१ च्या करारातच विद्यार्थी कामगारांना जातीभेदापासून संरक्षण लिहून घेतले. म्हणजे त्या करारामुळे हार्वर्डच्या एखाद्या विभागात काम करणाऱ्या आपल्या मुलीला वरच्या जातीच्या सहकाऱ्याने त्रास दिला असता तर तिच्या हातात कराराचे कलम होते. हे प्रशासनाने दया म्हणून दिले नाही, कामगार म्हणून टेबलावर बसून मिळवले गेले.

जाता जाता एक गोष्ट. परदेशी विद्यार्थी आपल्याकडेही शिकायला येतात. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठी शिकवण्याचा कार्यक्रम चालतो, इतर विद्यापीठांचेही चालत आले आहेत. अशा ठिकाणी भाषेचा सराव करून घेणारा, शहर दाखवणारा सहाय्यक लागतो. आपल्या वस्तीतल्या बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुलामुलींनी तिथे जाऊन विचारायला काय हरकत आहे? पासपोर्ट लागत नाही आणि महाराष्ट्र पाहायला आलेल्याला चवदार तळे कोण दाखवणार हाही प्रश्न सुटतो.

आता करायचे काय? जाणाऱ्या विद्यार्थ्याने करारनाम्यावर सही करण्याआधी कमाईचे कलम वाचावे, राज्याच्या योजनेतल्यांनीही आपल्या करारातली अट वाचावी. काम घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी, वकिलातीला ईमेलने कळवावे आणि तो ईमेल जपून ठेवावा. पगाराची प्रत्येक पावती ठेवावी. विहाराच्या समित्यांनी सत्काराच्या खर्चातून थोडे वाचवून तिकडे आधी गेलेल्या एखाद्या मुलाला फोनवर घेऊन जाणाऱ्यांशी तासभर बोलायला लावावे. शालीपेक्षा ते जास्त ऊब देईल.

आणि आपल्या खासदारांना, मग ते राखीव जागेवरून आलेले असोत वा सर्वसाधारण, एवढेच विचारावे: १,५६० पौंड आणि २,४०० डॉलर हे आकडे कोणत्या वर्षी ठरले, त्यावेळी तिकडचे किमान वेतन काय होते, त्यानंतर त्यांची फेरतपासणी कधी झाली, आणि आजवर किती विद्यार्थ्यांचा भत्ता या कलमाखाली कापला गेला? खासदार विचारणार नसतील तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाकडे अर्ज करायला दहा रुपये फी लागते, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही लागत नाही. अर्जाचा मसुदा पनवेलच्या कोर्टात माझ्या टेबलावर तयार आहे, ज्याला हवा त्याने घेऊन जावा.